एलमन, पिवळा रंग आणि सायटेशनचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते. दरवर्षी एम.फार्मची मुलं थिसिस लिहायला बसली की तेच प्रश्न घेऊन दारात उभी राहतात. "मॅम, एलमन १९५९ लिहू की १९६१?" इथपासून "एवढी सायटेशन असलेल्या माणसाला नोबेल का नाही?" इथपर्यंत. एलमन म्हणजे ज्यांच्या १९५९ आणि १९६१ च्या लेखांवर आपल्या रोजच्या चाचण्या उभ्या आहेत ते रसायनतज्ज्ञ, आणि सायटेशन म्हणजे एखाद्या लेखाचा दुसऱ्यांनी आपल्या लेखात दिलेला संदर्भ. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, काही ठिकाणी एका ओळीत संपली आहेत. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे सांगितलं.

हे एलमन नेमके कोण?

जॉर्ज एलमन, अमेरिकन रसायनतज्ज्ञ. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते मिशिगन राज्यातल्या मिडलंड इथे डाऊ केमिकल कंपनीच्या जीवरसायन संशोधन प्रयोगशाळेत होते. १९६१ च्या लेखावर त्यांचा पत्ता बदललेला दिसतो: सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेतला औषधशास्त्र विभाग आणि लँगली पोर्टर न्यूरोसायकिॲट्रिक इन्स्टिट्यूट. म्हणजे रासायनिक कंपनीतून मेंदूच्या आजारांच्या संस्थेत. विषशास्त्र आणि औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्यांचं नाव रोज घेतलं जातं, पण माणसाबद्दल कुणाला फारसं ठाऊक नसतं. बाटलीवरचं लेबल वाचतो, तसं आपण ते नाव वाचतो.

त्यांनी शोधलं काय?

घरातला गॅस सिलिंडर गळला की जो घाणेरडा वास येतो, तो गॅसचा नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा असतो. मरकॅप्टन किंवा थायोल म्हणजे ज्याच्या रेणूत गंधक आणि हायड्रोजनची जोडी आहे असा पदार्थ. हीच जोडी आपल्या शरीरात प्रथिनांवर असते, ग्लुटाथायोन या पेशींना जपणाऱ्या छोट्या रेणूवर असते, आणि विषशास्त्राच्या दृष्टीने तिला फार महत्त्व आहे. पारा, शिसे, आर्सेनिक यांना चिकटायला हीच जागा आवडते, आणि यकृत अनेक विषांचा बंदोबस्त ग्लुटाथायोन खर्च करूनच करतं.

ही जोडी अगदी थोड्या प्रमाणात असली तरी मोजायची कशी, हा प्रश्न होता. एलमन यांनी १९५८ मध्ये एक डायसल्फाइड, म्हणजे दोन गंधक एकमेकांना जोडलेला पदार्थ, वापरून दाखवलं. थायोल भेटला की ते तुटतं आणि पिवळा रंग सोडतं. अडचण अशी की हा पदार्थ पाण्यात नीट विरघळत नव्हता, आणि रक्त, यकृत, मेंदू सगळं तर पाण्यातलंच काम. १९५९ मध्ये त्यांनी त्याच रेणूच्या दोन्ही बाजूंना एकेक कार्बोक्सिल गट जोडला. झालं. पदार्थ पीएच ८ ला पाण्यात विरघळू लागला. यालाच आपण डीटीएनबी किंवा 'एलमन्स रिएजंट' म्हणतो. एक थायोल, एक पिवळा आयन, असा चोख हिशोब, आणि तो पिवळा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर वाचायचा, ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते बघून.

मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कीर्तीचं मूळ त्या दोन कार्बोक्सिल गटांत आहे. प्रतिक्रियेची कल्पना आधीच्या वर्षी हातात होतीच. ती दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत चालेल अशी करणं हे खरं रसायनतज्ज्ञाचं काम होतं.

मग कोलिनेस्टरेजची चाचणी वेगळी का?

वेगळी आहे, पण डीटीएनबीवरच उभी आहे. ॲसिटाइलकोलिन हा नसेकडून स्नायूला निरोप देणारा रेणू. निरोप पोचला की ॲसिटाइलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं आणि सरीनसारखे नर्व्ह एजंट (युद्धात वापरायची मज्जातंतूंची विषं) हेच एन्झाइम बंद पाडतात, म्हणून विषशास्त्राला ते मोजायचं असतं.

आधी ते मोजायचे कसे? १९४९ ची मिशेलची पद्धत होती: ॲसिटाइलकोलिन फुटलं की ॲसिड तयार होतं, पीएच उतरतो, तो तासाभरात किती उतरला ते बघायचं. चालायचं, पण एका नमुन्याला तास. १९६१ मध्ये एलमन, कोर्टनी, अँड्रेस आणि फेदरस्टोन या चौघांनी युक्ती केली. एन्झाइमला खऱ्या ॲसिटाइलकोलिनऐवजी त्याचा गंधकवाला जुळा भाऊ, ॲसिटाइलथायोकोलिन, खायला दिला. तो फुटला की थायोल सुटतो, आणि डीटीएनबी तर त्याची वाटच बघत असतं. एन्झाइम चालू आहे तोवर क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची छोटी पारदर्शक नळी, पिवळा होत जातो. एन्झाइम विषाने बंद पडलं असेल तर रंग चढत नाही. काही मिनिटांत उत्तर.

माणसाच्या तांबड्या पेशी आणि उंदराचा मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत, स्नायू, एवढ्यांवर त्यांनी ते करून दाखवलं. खोट्या खाद्यावर मिळणारे आकडे खऱ्या खाद्याशी जुळतात, हेही त्याच लेखात आहे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं?

थिअरीत जेवढं रुक्ष वाटतं तेवढं नाही. क्युव्हेटमध्ये २.६ मि.लि. फॉस्फेट बफर, पीएच ८. त्यात ०.४ मि.लि. होमोजिनेट, म्हणजे दर मि.लि.ला साधारण २० मिलिग्रॅम ऊतक घोटून केलेलं गढूळ पाणी. मग १०० मायक्रोलिटर डीटीएनबी. इथे थोडा पिवळा लगेच येतो, कारण ऊतकातले स्वतःचे थायोल आधी हात धुऊन घेतात. घाईची मुलं इथेच चुकतात. रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग शून्य करायचं, आणि मग शेवटी २० मायक्रोलिटर ॲसिटाइलथायोकोलिन आयोडाइड. झाकण लावलं की स्क्रीनवरचा आकडा चढू लागतो. दर मिनिटाला किती चढला, तेच उत्तर. मेंदूचं ताजं होमोजिनेट असेल तर डोळ्यांनाही रंग चढताना दिसतो, लिंबाच्या सालीसारखा.

तयार डीटीएनबी पीएच ७ च्या बफरमध्ये ठेवायचं, ८ च्या नाही. ७ ला ते जास्त टिकतं. हे मूळ लेखात लिहिलं आहे, आणि तरीही दरवर्षी कुणीतरी ८ मध्ये करून फ्रिजमध्ये ठेवतं आणि ब्लँक (नमुना न घातलेलं मिश्रण) एवढा पिवळा का म्हणून विचारायला येतं.

या लेखांना सायटेशन किती आहेत?

१९५९ चा 'ऊतकांतले सल्फहायड्रिल गट' हा लेख आणि १९६१ चा कोलिनेस्टरेजचा लेख, दोन्ही गूगल स्कॉलरवर प्रत्येकी दहा हजारांच्या कितीतरी वर आहेत. नेमका आकडा इथे देत नाही, कारण तुम्ही वाचाल तोवर तो बदललेला असेल. शिवाय वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. स्कॉलर थिसिस, पुस्तकं, कॉन्फरन्सचे पेपर सगळंच धरतो. बाकी दोघे निवडून घेतलेलं साहित्यच बघतात. त्यामुळे थिसिसमध्ये आकडा लिहायचाच असेल तर कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. नाहीतर लिहू नका.

जाता जाता एक गंमत. १९५८ चा लेख पानं ४४३ ते ४५०. १९५९ चा ७० ते ७७. १९६१ चा ८८ ते ९५. तिन्ही आठ-आठ पानांचे.

एवढी सायटेशन म्हणजे एलमन फार थोर शास्त्रज्ञ, असं म्हणायचं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सावकाश सांगते.

सायटेशनला आपण शाबासकी समजतो. बहुतेक वेळा ती वापराची पावती असते. "मी हे असं मोजलं, रीत इथून घेतली," एवढंच ती म्हणते. प्रयोगशाळेत जो लेख लाटण्यासारखा रोज हाताशी लागतो, त्याला जास्त पावत्या मिळतात.

याचं टोकाचं उदाहरण ऑलिव्हर लॉरी यांचं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख. प्रथिनं मोजायची त्यांची १९५१ ची पद्धत आपण सगळेच करतो, तीच ती निळी. २०१४ मध्ये 'नेचर'ने सर्वाधिक उद्धृत १०० लेखांची यादी केली तेव्हा लॉरींचा लेख पहिला होता, ३ लाखांहून जास्त सायटेशन घेऊन. दुसरा लेमली यांचा १९७० चा, जेलवर प्रथिनं वेगळी करण्याचा. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा १९७६ चा, पुन्हा प्रथिनं मोजण्याचाच. या यादीत यायलाच १२ हजारांहून जास्त सायटेशन लागत होती. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा लेख त्यात नव्हता. डीएनए दुहेरी गोफासारखा असतो हे आता शाळेच्या पुस्तकात आहे, त्यासाठी १९५३ चा लेख कोण उद्धृत करणार? स्वतः लॉरींनीही आपला तो लेख काही थोर नाही हे कबूल केलं होतं. त्याचा गाजावाजा बघून मनातून मजा वाटते, हेही त्यांनी लपवलं नव्हतं.

तेव्हा एलमन थोर की नाहीत, हे आकड्यावरून ठरणार नाही. साठ वर्षांहून जास्त काळ जगभरच्या प्रयोगशाळांत त्यांची पद्धत न मोडता चालते आहे, एवढं मात्र आकड्यावरून नक्की कळतं. माझ्या लेखी तेही कमी नाही.

कल्पना १९५८ मध्येच होती तर त्या लेखाला सायटेशन जास्त का नाहीत?

कारण त्या पदार्थाची बाटली आता कुणी विकत घेत नाही. विद्यार्थी बाटलीवरचं नाव शोधतो आणि त्याला १९५९ सापडतं. आधीचा लेख त्याच्या सावलीत गेला. संशोधनाच्या इतिहासात हे नेहमीचं आहे: चालणारी आवृत्ती मान घेऊन जाते, आणि त्याच माणसाची आधीची आवृत्ती अडगळीत पडते.

एलमन यांचा एच-इंडेक्स किती?

हा प्रश्नच त्यांच्या बाबतीत चुकीचा आहे, आणि का ते समजलं तर एच-इंडेक्सही समजेल.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये हे माप सुचवलं. तुमच्या २० लेखांना प्रत्येकी निदान २० सायटेशन असतील तर एच २०. आता असा माणूस घ्या ज्याने आयुष्यात तीनच लेख लिहिले आणि प्रत्येकाला २० हजार सायटेशन आहेत. त्याचा एच किती? तीन. ज्याने पन्नास मामुली लेख लिहिले आणि प्रत्येकाला पन्नास मिळाली, त्याचा एच पन्नास. एकदाच मोठा डाव मारणाऱ्याला हे माप मुद्दाम कमी भाव देतं. ते सातत्य मोजायला केलेलं आहे, ठसा मोजायला नाही. शिवाय ते वयाबरोबर वाढतच जातं, कधी उतरत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी शेंगा सोलत बसला तरी त्याचा एच वाढू शकतो.

सायटेशन मोजायचं हे वेड सुरू कुणी केलं?

तेही एका रसायनशास्त्राच्या पदवीधरानेच. यूजीन गारफील्ड. १९५५ मध्ये त्यांनी 'सायन्स'मध्ये उद्धरणांच्या सूचीची कल्पना मांडली, आणि फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला. मूळ हेतू कुणाला बढती द्यायची हे ठरवण्याचा नव्हता. एखादा लेख हातात आला की पुढे त्याचं कुणी काय केलं, कुणी खोडला, कुणी सुधारला, हे सापडावं म्हणून तो होता. १९७७ पासून त्यांनी एक सदरही चालवलं. खूप उद्धृत झालेल्या लेखांचे लेखक त्यात आपापल्या लेखाची जन्मकथा सांगत. अशा किती कथा शेवटी "आम्हाला मोजायला काही नव्हतं, म्हणून केलं" इथेच येतात, हे बघण्यासारखं आहे.

भारतातलं असं उदाहरण आहे का?

आहे, आणि तुमच्याच थिसिसमध्ये आहे. उघडा 'मटेरियल्स अँड मेथड्स'. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा, म्हणजे ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांनी पेशींना होणाऱ्या इजेचा भाग. जीएसएच (तेच ग्लुटाथायोन) एलमनप्रमाणे, लिपिड पेरॉक्सिडेशन ओहकावा १९७९ प्रमाणे, प्रोटीन लॉरीप्रमाणे, कॅटलेज सिन्हा १९७२ किंवा एबीप्रमाणे, आणि एसओडी (कॅटलेजसारखंच पेशींना जपणारं एन्झाइम) 'कक्कर व इतर, १९८४' प्रमाणे. हा शेवटचा लेख कक्कर, दास आणि विश्वनाथन यांचा. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रातला, जी संस्था आज आयआयटीआर म्हणून ओळखली जाते. आणि छापला कुठे? 'इंडियन जर्नल ऑफ बायोकेमिस्ट्री अँड बायोफिजिक्स'मध्ये, जिथे छापायला आज आपली मुलं नाक मुरडतात. फक्त तीन पानं: १३० ते १३२. भारतीय जर्नलमध्ये छापलेल्या आणि जगभर वापरल्या गेलेल्या लेखांमध्ये त्याचं नाव घ्यावंच लागतं.

आणि गंमत बघा, तोही पद्धतीचाच लेख. तोही विषशास्त्राच्या संस्थेतलाच.

"एलमन व इतर, १९५९" लिहिलं तर चालेल?

नाही. १९५९ च्या लेखावर एकटे एलमन आहेत. 'व इतर' १९६१ ला, तिथे चौघे आहेत. छापील लेखांतही ही चूक सर्रास दिसते. जीएसएच मोजलं असेल तर १९५९, कोलिनेस्टरेज मोजलं असेल तर १९६१. दोन्ही केलं असेल तर दोन्ही.

मूळ लेख न वाचता संदर्भ दिला तर काय बिघडतं? सगळेच देतात.

माझंच बिघडलेलं सांगते. कॉलेजचं नाव सांगत नाही.

एम.फार्मला असताना माझ्याकडे उंदरांचे मेंदू थोडे आणि चाचण्या जास्त. म्हणून होमोजिनेट वाचवायला मी ०.४ मि.लि.ऐवजी ०.१ मि.लि. घ्यायची आणि बफर तेवढा वाढवायची. एकूण आकारमान तेच, ३.१२ मि.लि. हिशोबाला सीनियरच्या थिसिसमधून सूत्र उतरवलं होतं: दर मिनिटाची ॲब्सॉर्बन्समधली (शोषलेल्या प्रकाशाच्या आकड्यातली) वाढ भागिले ऊतकाचं प्रमाण, गुणिले ५.७४ आणि १० चा उणे ४ घात. सगळ्यांच्या थिसिसमध्ये तेच, त्यामुळे तो ५.७४ मला निसर्गाचा स्थिरांकच वाटायचा, पायसारखा.

तो स्थिरांक नाही. १ भागिले १३,६००, म्हणजे पिवळा आयन किती प्रकाश शोषतो याचा एलमन यांनी धरलेला गुणांक, आणि त्याला ३.१२ भागिले ०.४ ने गुणलेलं. करून बघा, ५.७४ येतं. म्हणजे माझ्या ०.१ मि.लि.साठी तो आकडा चौपट हवा होता. माझी सगळी उत्तरं चौपट कमी आली होती. परीक्षकांनी विचारलं नाही, मार्गदर्शकांच्या लक्षात आलं नाही, कारण औषध दिलेले आणि न दिलेले सगळे उंदीर सारखेच चौपट खाली होते. टक्केवारी बरोबर, आलेख देखणा, फरक ठळक असल्याच्या चांदण्या लावलेल्या. काही वर्षांनी माझ्याच विद्यार्थिनीचे आकडे माझ्याशी जुळेनात तेव्हा मी पहिल्यांदा मूळ लेख उघडला. तोवर मी 'एलमन व इतर, १९६१' हा संदर्भ किमान चार ठिकाणी दिला होता. एलमन यांच्या सायटेशनमध्ये माझ्या त्या चार पावत्याही आहेत, न वाचता फाडलेल्या.

आणखी एक. १३,६०० हा गुणांक नंतरच्या मोजमापांत १४,१५० च्या आसपास ठरला. फरक चारेक टक्क्यांचा. कोणता वापरला ते लिहा म्हणजे पुढच्याला हिशोब लागेल.

१९६१ चा इतका जुना लेख अजूनही एवढा का उद्धृत होतो?

अल्झायमरमुळे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही औषधं ॲसिटाइलकोलिनेस्टरेजच अडवतात, कीटकनाशकासारखं, पण बेताने आणि मोजून. त्यामुळे नवं औषध शोधणारा प्रत्येकजण, आणि ब्राह्मीपासून हळदीपर्यंत प्रत्येक वनस्पतीचा अर्क तपासणारा प्रत्येकजण, तीच पिवळी चाचणी करतो. विषशास्त्राची चाचणी औषधशास्त्राने दत्तक घेतली. ९६ खळग्यांच्या प्लेटवर एका दमात डझनांनी नमुने होतात, हे आणखी एक कारण.

वनस्पतीवाल्यांना एक सूचना: अर्क स्वतःच पिवळा असेल तर त्याचं वेगळं ब्लँक लावा. आणि काही पदार्थ एन्झाइमला हातही न लावता नुसती रंगाची प्रतिक्रिया अडवतात. तेही 'इनहिबिटर', म्हणजे एन्झाइम अडवणारे, म्हणून छापून येतात, आणि त्यांनाही सायटेशन मिळतात.

याचा फवारणीच्या विषबाधेत खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादा समजून.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्या सुमारास मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं रोज पेपरात होती. ही दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे कोलिनेस्टरेजवर बसणारी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घाम, छातीत घरघर: हे सगळं न फुटलेल्या ॲसिटाइलकोलिनचं काम. अशा वेळी डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, लक्षणं बघून ॲट्रोपिन हा उतारा सुरू करतात, आणि तेच बरोबर. रक्तातलं कोलिनेस्टरेज पुढे निदान पक्कं करायला आणि रुग्ण सावरतोय का ते बघायला लागतं.

पहिली अडचण: फवारणीतलं प्रत्येक औषध इथे सापडत नाही. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं किंवा इमिडाक्लोप्रिड कोलिनेस्टरेजच्या वाटेला जात नाहीत. शेतात तर दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जातात. चाचणी नॉर्मल आली म्हणजे विषबाधा नाही, असं नव्हे.

दुसरी अडचण मोठी आहे. रक्तात दोन एन्झाइमं असतात, तांबड्या पेशींवरचं आणि प्लाझ्मातलं, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातलं. प्लाझ्मातलं मोजायला सोपं, पण ते यकृताच्या आजारात आणि गरोदरपणातही उतरतं. शिवाय निरोगी माणसांमध्येच आकड्यांचा पल्ला इतका रुंद आहे की एखाद्याचं एन्झाइम चांगलं खाली येऊनही रिपोर्ट 'नॉर्मल'मध्ये बसू शकतो. म्हणून त्याचा स्वतःचा, फवारणीआधीचा आकडा लागतो. कॅलिफोर्नियात १९७४ पासून फवारणी कामगारांची अशी तपासणी नियमाने होते. स्वतःच्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला की कामाची पद्धत तपासायची, तांबड्या पेशींचं ७० किंवा प्लाझ्माचं ६० टक्क्यांवर आलं की त्या कामावरून काढायचं, आणि पुन्हा ८० वर चढेपर्यंत परत पाठवायचं नाही. आपल्याकडे रोजंदारीवर पंप पाठीला लावणाऱ्या माणसाचा मूळ आकडा कुठल्या वहीत आहे? चाचणी स्वस्त आहे, जुनी आहे, हजारोंनी उद्धृत आहे. मृग लागायच्या आधी गावातल्या फवारणी करणाऱ्यांचं थोडं रक्त घेण्याएवढंच काम आहे.

तिसरी, लॅबवाल्यांसाठी: हिमोग्लोबिनही ४१२ च्या आसपासच प्रकाश खातं. म्हणून तांबड्या पेशींवर काम करताना काही ठिकाणी ४३६ नॅनोमीटरवर वाचतात. गुणांक मग बदलतो. पुन्हा तोच ५.७४ लावू नका.

"जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत आपल्या कॉलेजचे सर" असं पेपरात आलं. हा पुरस्कार कोण देतं?

कुणीच नाही. स्टॅनफोर्डचे जॉन इओॲनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून दरवर्षी ही यादी काढतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, एकट्याने किंवा पहिला-शेवटचा लेखक म्हणून केलेलं काम अशी सहा मापं एकत्र करून. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळूनही आकडा दिलेला असतो. याद्या दोन असतात, संपूर्ण कारकिर्दीची आणि एका वर्षाची. बातमीत सहसा कोणती ते लिहिलेलं नसतं. सरांचं अभिनंदन जरूर करा, पण यादी आधी उघडून बघा.

माझ्या स्कॉलर प्रोफाइलवर दुसऱ्याचे लेख आले आहेत. सायटेशन वाढलीत, ठेवू का?

काढा. एस. पाटील, एस. कुलकर्णी, ए. जोशी अशा नावांनी महाराष्ट्रात किती संशोधक असतील, विचार करा. मशीनला फरक कळत नाही. ओआरसीआयडी क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, घ्या, फुकट आहे, आणि पहिल्या लेखापासून पूर्ण नावाने लिहा.

यूजीसी-केअर यादीतच छापायला हवं ना?

यूजीसीने ग्राह्य धरलेल्या जर्नल्सची ती यादी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून सांभाळली जायची. यूजीसीने २०२५ मध्ये ती बंद केली. आता जर्नल पारखायची जबाबदारी तुमच्या विद्यापीठावर आणि तुमच्यावर.

'एलमन्स रिएजंट वापरलं' एवढं लिहिलं, संदर्भ दिला नाही, तर?

खूपजण तसंच करतात, आणि त्यामुळे खरा वापर सायटेशनच्या आकड्यापेक्षाही मोठा आहे. नाव एवढं रुळलं की संदर्भ द्यायची गरजच वाटेनाशी होते. बुनसेन बर्नर पेटवताना बुनसेन यांचा लेख कोण देतं? पण थिसिसमध्ये द्या, कारण पुढचा तुमच्याच पानावरून पद्धत उतरवणार आहे. निदान एवढं लिहा: होमोजिनेट किती मि.लि., एकूण आकारमान किती, कोणती तरंगलांबी, कोणता गुणांक, तापमान किती. आणि ५.७४ लिहिण्याआधी स्वतःच्या आकारमानांवरून तो एकदा कागदावर काढा. माझ्या टेबलावर मूळ लेखाची झेरॉक्स आहे, शेवटच्या पानांपैकी एकावर पेन्सिलने गुणाकार केलेला आहे. ती घेऊन गेलात तर परत आणून ठेवा.